आधी पाणी, मग नाव

(वराळे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय पाहुणचार. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने पाहुणचारावर काय बोलायचं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. चहा, पोहे, ‘बसा, आलोच’, याच्यात तत्त्वज्ञान कुठलं? पण प्रश्न तसा सोपा नाही. दारात एक अनोळखी माणूस उभा आहे. त्याला आत घ्यायचं की नाही, आणि ते ठरवण्याआधी त्याला काय विचारायचं? एवढाच प्रश्न. याच्यावर फार मोठ्या माणसांनी डोकं चालवलंय. आणि मी तो शिकलो तो पुस्तकातून कमी, आणि तुमच्या या वराळ्यातल्या एका गोठ्यातून जास्त. तेही उशिरा, सोळा वर्षांनी.

तर आधी ती रात्र सांगतो.

ऑगस्ट १९७८. मी पुणे विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. माझ्याकडे एक सेकंडहँड मोटारसायकल होती आणि एक जिवलग मित्र होता. तोही संशोधन करत होता, विषय वेगळा. पावसाळा म्हटलं की आम्हाला मावळ दिसायचा. शनिवारी दुपारी निघालो. वाटेत देहूरोडला थांबलो, कारण मित्राला तिथल्या विहारात जायचं होतं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो आत जाऊन आला. मी बाहेर गाडीपाशी उभा राहिलो. का उभा राहिलो, आत का गेलो नाही, हे तेव्हा मला विचारण्यासारखंही वाटलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा.

पुढे तळेगाव. इंद्रायणी ओलांडून आंदर मावळात शिरायचा बेत होता. पण पावसाने असं धरलं की समोरचं दिसेना. वराळ्याजवळ गाडीने दोन आचके दिले आणि बंद. प्लग काढून पुसला, परत बसवला, किक मारून मारून पाय गेला, पण ठिणगी पडेना. अंधार पडत आलेला. तेव्हाचं वराळं म्हणजे भातखाचरं, थोडी घरं आणि नदीचा आवाज. एका बाजूला कंदील दिसला, तिकडे गाडी ढकलत गेलो.

तो गोठा होता. लांबट, कौलारू, एका अंगाला लागूनच घर. दहाबारा म्हशी, एक बैलजोडी, दोनतीन गाई दावणीला. धार काढायची वेळ. डास-चिलटांसाठी शेणीची धुरी केलेली, त्या धुरातून एक आजी पुढे आल्या. त्यांनी आम्हाला नखशिखांत पाहिलं. आम्ही दोघंही निथळत होतो. त्यांचा मुलगा चरवी खाली ठेवून आला. त्याने विचारलं, ‘‘कुठलं गाव पावणं? आडनाव काय म्हनायचं?’’

मी माझं आडनाव सांगितलं. ते आडनाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, तसं ते आडनाव आहे. मुलगा मान हलवून मित्राकडे वळला. मित्र पटकन म्हणाला, ‘‘मी ह्याचा मावसभाऊ.’’

मला हसू आलं. म्हटलं, काय थापा मारतोय! पण थंडीने दात वाजत होते. मी म्हटलं, ‘‘हो, हो, मावसभाऊ.’’ झालं. आम्ही आत.

मग जे झालं ते सोन्यासारखं होतं, यात शंका नाही. आजींनी अंग पुसायला जुनं लुगडं दिलं. चुलीपुढे बसवलं. तांदळाची भाकरी, पिठलं, वर तांब्याभर दूध. झोपायला घरात जागा नव्हती, म्हणून गोठ्याच्या माळ्याखाली पेंढा पसरला, त्यावर घोंगडी. मी शहरात वाढलेला. गुरांच्या इतक्या जवळ कधी झोपलो नव्हतो. रात्रभर रवंथाचा आवाज, मध्येच दाव्याचा खुंट्याला बसलेला हिसका, म्हशीचा उसासा. गुरांच्या अंगाची ऊब असते, ती भिंतीसारखी जाणवते. पहाटे तीनला मुलगा कंदील घेऊन आला. एक म्हैस व्यायला झाली होती. आम्ही दोघंही उठलो. मित्राचं बालपण खेड्यातलं, त्याला हे सगळं माहीत. रेडकू बाहेर आल्यावर त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसून त्यानेच त्याला पेंढ्याने चोळलं. मुलगा म्हणाला, ‘‘पावणं कामाचं निघालं.’’

सकाळी गाडीचे पॉइंट कोरडे करून सुरू केली. मी खिशातून दहाची नोट काढून आजींच्या हातावर ठेवली. आजींनी ती माझ्याच शर्टाच्या खिशात परत कोंबली. म्हणाल्या, ‘‘उद्या तुझ्या दारात कोन आलं तर त्याला घाल.’’

ही गोष्ट मी सोळा वर्षं वर्गात सांगत आलो. पाहुणचार म्हणजे काय ते समजावून द्यायला. आधी मी ती कशी सांगायचो ते बघू, मग तिच्यात काय चुकत होतं ते.

मी शब्दांपासून सुरुवात करायचो. अतिथी. परंपरेने याची फोड सांगितली जाते ती अशी, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. न कळवता आलेला. दुसरी व्युत्पत्ती ‘अत्’ या धातूवरून, म्हणजे फिरणारा, वाटसरू. दोन्ही अर्थ आम्हाला लागू. आणि यजमान? यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, स्वतःसाठी यज्ञ करवणारा. घरात आलेल्याला जेवू घालणारा माणूस आणि यज्ञ करणारा माणूस यांना एकच शब्द. आपल्याकडे बायका नवऱ्यालाही यजमान म्हणतात, ते नवरे किती यज्ञ करतात तो प्रश्न वेगळा. (हशा)

आणि आणखी एक गमतीचा शब्द. गोठा. संस्कृतात गोष्ठ, म्हणजे गाई राहतात ती जागा. त्याच गोष्ठापासून गोष्ठी झाली, म्हणजे चार माणसं जमून बोलत बसणं, आणि त्याची मराठीत झाली गोष्ट. गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं. गुरं बांधून झाल्यावर माणसं तिथेच टेकली, बोलायला लागली, असं काही तरी झालं असावं. त्या रात्री आमचं तेच झालं.

मग मी कांटकडे वळायचो. इमॅन्युएल कांट आयुष्यभर आपल्या कोनिग्सबर्ग शहराच्या आसपासच राहिला. पण १७९५ साली त्याने शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला आणि त्यात पाहुणचाराचा एक नियम घातला. तो म्हणतो, हा दयाबुद्धीचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. पृथ्वी गोल आहे. माणसं तिच्यावर पसरत पसरत अनंतापर्यंत दूर जाऊ शकत नाहीत, कधीतरी एकमेकांच्या दारात येणारच. जमिनीच्या या पाठीवर मुळात कुणाचाच दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नाही. म्हणून परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला एक हक्क आहे, की त्याला शत्रू समजून वागवलं जाऊ नये. याला तो भेटीचा हक्क म्हणतो. पण राहण्याचा हक्क, पाहुणा म्हणून घरात घेतलं जाण्याचा हक्क, तो मात्र नाही. त्याला वेगळा करार लागतो.

म्हणजे कांटच्या हिशेबाने आम्हाला गोठ्यापर्यंत यायचा हक्क होता. दूध, भाकरी, घोंगडी हे सगळं हक्काच्या पलीकडचं. ते आजींनी दिलं. आणि मी वर्गात सांगायचो, की हक्क जिथे संपतो तिथून पाहुणचार सुरू होतो, आणि त्याचं ऋण यजमानाला परत करता येत नाही, ते पुढच्या पाहुण्याला द्यायचं असतं. आजींचं वाक्य सांगून मी तास संपवायचो. मुलांना आवडायचं. मलाही आवडायचं.

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यानंतर काही दिवसांनी तो मित्र माझ्याकडे आला. जेवण झालं, गप्पा चालल्या होत्या. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, तुझी ती मावसभावाची थाप मी अजून वर्गात सांगतो.’’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ती थाप नव्हती. तुला खरंच कळलं नाही?’’

मंडळी, मला खरंच कळलं नव्हतं.

तो म्हणाला, ‘‘महिना कुठला होता आठव.’’ २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला होता. लगेच मराठवाड्यात दंगली पेटल्या. दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, गावं सोडून लोक पळाले. त्याचे नातेवाईक मराठवाड्यात होते. आम्ही पावसात भिजायला निघालो तेव्हा वर्तमानपत्रं या बातम्यांनी भरलेली होती. मीही ती वाचत होतो, आणि तरी मोटारसायकलवर माझ्या पाठीमागे बसलेला माणूस कशाची भीती घेऊन बसलाय हे मला दिसलं नाही. कंदिलाच्या उजेडात त्याला आडनाव विचारलं गेलं, आणि त्याने तिथल्या तिथे माझं कूळ उसनं घेतलं.

तो मला म्हणाला, ‘‘पाहुणचार तुझा झाला रे. माझ्या जागी त्यांनी तुझ्या मावसभावाला जेवू घातलं. रात्रभर मी झोपलो नाही. झोपेत काही बोलून जाईन अशी भीती वाटत होती. त्या रेडकाला चोळलं ना, तेवढाच वेळ मी मी होतो.’’

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या घराने काही वाईट केलं, असं माझं म्हणणं नाही. त्यांनी त्याला हाकललं नाही. हाकललं असतं का, हे मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. आणि अन्याय नेमका तिथे आहे. खरं नाव सांगून काय होतं ते बघायची जोखीम पावसात, अंधारात, त्या महिन्यात त्याला घेता येत नव्हती. मला ती जोखीम नव्हतीच. एकच दार, एकच प्रश्न. माझ्यासाठी तो शिष्टाचार होता आणि त्याच्यासाठी परीक्षा.

ही त्याच्या एकट्याची कथा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने लिहून ठेवल्या आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनपासून पुढे बैलगाडीचा प्रवास. प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर त्याने आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. पुढे १९१७ मध्ये, कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हाच माणूस बडोद्याला संस्थानच्या नोकरीत गेला. राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत नोंदवहीत पारशी नाव लिहून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्याला बाहेर काढलं. शहरात दोन ओळखीचे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. अखेर बागेत बसून वेळ काढून तो रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

बघा, बडोद्याची ती नोंदवही आणि वराळ्यातला तो कंदील. मध्ये साठ वर्षं गेली. स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमाने दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. पण घराच्या उंबऱ्यावर जो प्रश्न विचारला जातो, तो तसाच राहिला.

आता तत्त्वज्ञानाकडे परत. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा याने १९९६ मध्ये पॅरिसला पाहुणचारावर व्याख्यानं दिली. तो विचारतो, पाहुण्याला नाव विचारणं हा पाहुणचाराचा आरंभ आहे, की तिथेच तो संपतो? नाव विचारलं की मी त्याला माणूस म्हणून, व्यक्ती म्हणून ओळख देतो. पण नाव विचारलं की मी निवडायलाही लागतो. हा आपला, तो नाही. देरिदा म्हणतो, पूर्ण पाहुणचार म्हणजे नाव न विचारता दार उघडणं. आणि तोच पुढे म्हणतो, की असा पाहुणचार कुठलंही घर, कुठलंही राज्य नियम म्हणून पाळू शकत नाही. घराला दार असतं, दाराला कडी असते. त्यामुळे दोन्हींची ओढाताण कायम राहते. तो ही ओढाताण सोडवत नाही. लॅटिनमध्येही पाहुण्याचा शब्द आणि शत्रूचा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, यावर तो बोट ठेवतो.

मी मात्र ओढाताणीवर थांबू शकत नाही, कारण मला माझ्या मित्राला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. माझं उत्तर साधं आहे. प्रश्न विचारावा की नाही हा वाद बाजूला ठेवा, तो कधी विचारायचा ते बघा.

होमरच्या ‘ओडिसी’त एक रीत दिसते. टेलेमॅकस वडिलांना शोधत म्हाताऱ्या नेस्टरकडे पोचतो. त्याला आधी बसवतात, खाऊपिऊ घालतात, आणि मग नेस्टर विचारतो, तुम्ही कोण? ओडिसियसच्या बाबतीतही तसंच. राजा त्याला जेवू घालतो, गाणी ऐकवतो आणि मग नाव विचारतो. आपल्याकडे वेगळं काय आहे? उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गूळपाणी ठेवायचं, ही खेड्यातली जुनी रीत. तिच्यामागे एक विचार आहे. पाणी दिल्यानंतर नाव विचारलं, तर उत्तर काहीही आलं तरी पाणी परत घेता येत नाही. त्या प्रश्नाचा विषारी दात पडून जातो. तो खरी ओळख करून घेणारा प्रश्न उरतो.

क्रम उलटा केला, आधी नाव आणि मग पाणी, की तोच प्रश्न चाळणी होतो.

आपण इंद्रायणीच्या काठी बसलोय, खाली देहू आहे. वारीत काय होतं? लाखो माणसं चालतात, गावोगाव लोक त्यांना जेवू घालतात, आणि हाक एकच: माउली. वाढणारा माउली, जेवणारा माउली. नाव विचारायची गरजच पडू नये म्हणून केलेली ही फार हुशार सोय आहे. पण तिलाही मर्यादा होती हे विसरू नका. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. वाटेवर माउली आणि उंबऱ्यावर आडनाव, असं आपलं बराच काळ चाललं.

आणि आज? आजचं वराळं मी पाहतो. आंबी, नवलाख उंबरे या बाजूला कारखाने आले, कॉलेजं आली. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी गोठे होते तिथे खोल्या आहेत आणि बाहेर पाट्या आहेत, ‘खोली भाड्याने देणे आहे’. तुमच्यातले निम्मे तरी आज कुणाचे ना कुणाचे घरमालक आहात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून पोरं येतात, पाठीवर सॅक असते. तुमच्या दारात उभी राहतात. पहिला प्रश्न काय असतो, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. त्याचं उत्तर देताना एखादं पोरगं आडनाव गिळतंय का, तेवढं बघा. एवढंच सांगायला मी आलो होतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. नाव न विचारून कसं चालेल?

उत्तर : चालणारच नाही. विचारा, कागद घ्या, नोंद करा. पण नोंदीसाठी नाव विचारणं वेगळं आणि निवडीसाठी आडनाव विचारणं वेगळं. आपण कुठलं करतोय हे आपलं आपल्याला आतून कळत असतं. एक कसोटी सांगतो. आधी खोली दाखवा, भाडं सांगा, ‘हो’ म्हणा. मग आधार कार्ड मागा. आडनाव वाचून ‘जरा घरच्यांना विचारून सांगतो’ असं तोंडात आलं, तर समजा की तुम्ही चाळणी लावताय.

प्रश्न : आता कृषी पर्यटन आलं आहे. लोक पैसे देऊन गोठ्यात राहतात, धार काढतात. हा पाहुणचार खोटा म्हणायचा का?

उत्तर : अजिबात नाही. राज्य शासनाने २०२० साली त्याचं धोरण आणलं. शेतकऱ्याला दुधाच्या दरात भागत नाही, तर त्याने चार पैसे का मिळवू नयेत? तो प्रामाणिक व्यवहार आहे. उलट त्याच्यात एक गुण आहे. पैसे घेणारा माणूस बहुतेक वेळा कूळ विचारत नाही. माझा मित्र एकदा म्हणाला होता, ‘‘मला लॉजवर बरं वाटतं.’’ ते ऐकून मला आधी वाईट वाटलं. नंतर कळलं. आपल्या फुकटच्या पाहुणचाराची किंमत तो आधीच देऊन बसला होता.

प्रश्न : तुम्ही त्या घरी परत गेलात का?

उत्तर : गेलो. १९९५ च्या पावसाळ्यात, एकटाच. आजी नव्हत्या. गुरं दोनच उरली होती. मुलाने मला ओळखलं. चहा झाल्यावर मी त्याला मित्राचं खरं आडनाव सांगितलं. तो बराच वेळ बाहेर बघत बसला. मग म्हणाला, ‘‘सर, तवा सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं, ते आता छातीठोक सांगता यायचं न्हाई. पर आता घेऊन या त्यांना.’’ मला ते उत्तर आवडलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. निरोप मी पोचवला. मित्र म्हणाला, ‘‘बघू.’’ काही वर्षांनी तो गेला. आम्ही दोघं मिळून वराळ्याला परत आलो नाही.

त्या घरातलं कुणी आज इथे बसलेलं असेल, तर नाव मी घेत नाही. पण आजींचं वाक्य मी अजूनही सांगतो, एवढं त्यांना कळावं. फक्त आता त्याच्याआधी मित्राची गोष्टही सांगतो.